थट्टेला शेजार लागतो

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

क्रिकेटवेड्या माणसाला बेसबॉलची गोष्ट सांगायची म्हणजे धाडसच. पण आज मी खेळाबद्दल फारसं बोलणार नाही. बोलणार आहे ते खेळ पाहणाऱ्यांबद्दल आणि त्यांच्या आपापसातल्या थट्टेबद्दल. मला नेहमी वाटतं, शहराचा इतिहास जसा दप्तरांत सापडतो, तसाच तो लोक एकमेकांना काय चिडवत होते यातही सापडतो.

गोष्ट आहे न्यूयॉर्कची. 1957 सालापर्यंत या एका शहरात तीन मोठे बेसबॉल संघ होते. ब्राँक्समध्ये यांकीज, मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला जायंट्स आणि ब्रुकलिनमध्ये डॉजर्स. यांकीज वेगळ्या लीगमध्ये. त्यांची गाठ पडायची ती वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेत. डॉजर्स आणि जायंट्स मात्र एकाच लीगमधले. 154 सामन्यांच्या हंगामात ते एकमेकांशी 22 वेळा खेळत, 11 सामने इथे आणि 11 तिथे. दोन्ही मैदानं भुयारी रेल्वेच्या वाटेवर. 1948 पर्यंत तिचं भाडं होतं पाच सेंट. म्हणजे पाच सेंटांत शत्रूच्या घरात जाऊन त्याला चिडवता येई!

या चिडवाचिडवीचं मूळ खेळाहून जुनं आहे. ब्रुकलिन हे एके काळी स्वतंत्र शहर होतं. 1 जानेवारी 1898 रोजी ते न्यूयॉर्कमध्ये विलीन झालं. महापालिका गेली, पण ‘आम्ही वेगळे’ ही भावना कुठे जाणार? ती संघाला चिकटून राहिली. संघाचं नावसुद्धा थट्टेतूनच आलेलं. ब्रुकलिनच्या रस्त्यांवर ट्रामगाड्यांचं जाळं होतं, म्हणून तिथल्या लोकांना ‘ट्राम चुकवणारे’ म्हणत. ‘डॉजर’ म्हणजे चुकवणारा. दुसऱ्यांनी दिलेलं हे नाव ब्रुकलिनकरांनी छातीवर मिरवलं.

पुढे 1930 च्या दशकात डॉजर्स इतके गचाळ खेळत, की सामना संपल्यावर एका टॅक्सीवाल्याने व्यंगचित्रकार विलार्ड मलिन यांना विचारलं म्हणे, आज आमच्या भणंगांनी काय दिवे लावले? मलिननी ती कल्पना उचलली. फाटके कपडे आणि दाढीचे खुंट असलेला भणंग हेच डॉजर्सचं चित्र झालं. आणि पाहा, घरातल्यांनी ‘भणंग’ म्हटलं तर ते लाडाचं, जायंट्सवाल्याने म्हटलं तर भांडणाचं!

थट्टा अंगाशी कशी येते, याचा नमुना 1934 सालचा. जायंट्स आदल्या वर्षीचे जगज्जेते. जानेवारीत पत्रकारांनी त्यांचे व्यवस्थापक बिल टेरी यांना ब्रुकलिनबद्दल विचारलं. टेरींनी उलट प्रश्न टाकला, की ब्रुकलिनचा संघ अजून लीगमध्ये आहे तरी का? ब्रुकलिनने हे लक्षात ठेवलं. सप्टेंबरअखेर जायंट्स आणि सेंट लुईस कार्डिनल्स यांच्यात विजेतेपदाची चुरस होती आणि जायंट्सचे शेवटचे दोन सामने नेमके डॉजर्सशी. डॉजर्सला त्यातून काहीच मिळणार नव्हतं. पण ब्रुकलिनचे लोक भुयारी रेल्वेने जायंट्सच्या पोलो ग्राउंड्सवर पोहोचले आणि डॉजर्सने दोन्ही सामने जिंकले. विजेतेपद सेंट लुईसला गेलं. ब्रुकलिन अजून लीगमध्ये आहे, याचं उत्तर टेरींना मैदानातच मिळालं. त्या वर्षी डॉजर्सचे व्यवस्थापक होते केसी स्टेंगल. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ब्रुकलिनच्या एबेट्स फील्ड मैदानावर थट्टेची व्यवस्थाच होती म्हणा ना. हिल्डा चेस्टर नावाच्या बाई गाईच्या गळ्यातली घंटा घेऊन येत आणि ती वाजवून प्रतिस्पर्ध्यांना हैराण करत. हौशी प्रेक्षकांचं एक बँडपथक होतं. प्रतिस्पर्धी फलंदाज बाद होऊन परत निघाला, की ते त्याच्या पावलांच्या तालावर वाजवत आणि तो बाकावर टेकतो न टेकतो तोच ढोलावर दणका देत. काही फलंदाज मुद्दाम बसायचंच टाळत. मग बँडवालेही काठी उगारून वाट पाहत!

पण सगळंच गोड होतं असं नाही. 1938 च्या जुलैमध्ये ब्रुकलिनमधल्या एका बारमध्ये डॉजर्सच्या एका चाहत्याची चेष्टा चालली होती. त्याला ती सहन झाली नाही. तो बाहेर गेला, पिस्तूल घेऊन आला आणि जायंट्सच्या एका चाहत्याचा जीव गेला. थट्टा आणि वैर यांच्यातली रेघ किती बारीक असते, ते ब्रुकलिनला त्या रात्री कळलं.

1939 मध्ये रेडिओ आला. आला म्हणजे काय, शहरात रेडिओ होताच. पण सामने ऐकवले तर तिकिटं खपणार नाहीत या भीतीने तिन्ही संघांनी पाच वर्षं प्रसारण न करण्याचा करार केला होता. डॉजर्सच्या लॅरी मॅकफेल यांनी तो पुढे पाळायला नकार दिला आणि रेड बार्बर हे दक्षिणेकडच्या संथ, गोड हेलाचे समालोचक आणले. जुने ब्रुकलिनकर सांगत, उन्हाळ्यात उघड्या खिडक्यांखालून चालत गेलं तरी एकही चेंडू चुकत नसे. आता चिडवायला मैदानावर जायची गरज उरली नाही. खाटकाचं दुकान, न्हाव्याची खुर्ची, कचेरी, सगळीकडे धावफलक एकाच वेळी पोहोचू लागला.

याचा कळस 3 ऑक्टोबर 1951 रोजी झाला. ऑगस्टमध्ये डॉजर्स जायंट्सच्या साडेतेरा सामन्यांनी पुढे होते. जायंट्सने ती सगळी आघाडी भरून काढली. तीन सामन्यांची निर्णायक मालिका खेळवावी लागली. तिसऱ्या सामन्यात, शेवटच्या डावात, डॉजर्स 4-2 असे पुढे असताना राल्फ ब्रँका यांचा चेंडू बॉबी थॉमसन यांनी थेट प्रेक्षकांत भिरकावला. आपल्या भाषेत षटकार. तीन धावा, 5-4, जायंट्स विजेते. जायंट्सचे समालोचक रस हॉजेस एकच वाक्य पुन्हा पुन्हा ओरडत राहिले. ते प्रसारण आज ऐकायला मिळतं, ते एका श्रोत्याने घरी केलेल्या ध्वनिमुद्रणामुळे. अनेक वर्षं सांगितलं जाई, की ते एका डॉजर्सवाल्याने केलं, जायंट्सच्या समालोचकाचं रडगाणं जपून ठेवावं म्हणून! पुढे उलगडा झाला, की तो जायंट्सचाच चाहता होता. कामावर जाताना आईला टेपरेकॉर्डर लावायला सांगून गेला होता. पण लोकांना पहिली गोष्ट जास्त आवडली, कारण ती त्या शहराच्या स्वभावाला शोभणारी होती.

ब्रँका आणि थॉमसन पुढे मित्र झाले. समारंभांना बरोबर जात, एकाच छायाचित्रावर दोघं सह्या देत. 2001 मध्ये वृत्तपत्रातून उघड झालं, की त्या हंगामात जायंट्स दुर्बिणीतून डॉजर्सच्या खुणा चोरत होते. ब्रँकांना हे 1954 पासूनच कळलं होतं, पण त्यांनी जाहीर वाच्यता केली नव्हती. त्या विशिष्ट चेंडूची खूण आपल्याला मिळाली नव्हती, असं थॉमसन म्हणत. मैत्रीला ओरखडा पडला असेल, पण ती तुटली नाही.

1941 ते 1953 या काळात डॉजर्स पाच वेळा वर्ल्ड सिरीजमध्ये यांकीजकडून हरले. दर वेळी ब्रुकलिनचं उत्तर एकच, पुढच्या वर्षी बघा! 4 ऑक्टोबर 1955 रोजी ते ‘पुढचं वर्ष’ अखेर उगवलं. दुर्दैव असं, की ब्रुकलिनचं स्वतःचं जुनं वृत्तपत्र ‘ब्रुकलिन ईगल’ त्याच वर्षी जानेवारीत बंद पडलं होतं. ज्या मथळ्याची वाट पाहिली, तो छापायला तेच उरलं नाही.

आणि मग 1957. नव्या मैदानाच्या जागेवरून डॉजर्सचे मालक वॉल्टर ओमॅली आणि शहराचे सर्वेसर्वा रॉबर्ट मोझेस यांचं जमलं नाही. जायंट्सची प्रेक्षकसंख्या घटलेली. दोघांनीही कॅलिफोर्निया गाठला, डॉजर्सनी लॉस एंजेलिस आणि जायंट्सनी सॅन फ्रान्सिस्को. 24 सप्टेंबरला एबेट्स फील्डवरचा शेवटचा सामना बघायला जेमतेम 6,702 माणसं होती. 1960 मध्ये ते मैदान पाडलं आणि तिथे इमारती उभ्या राहिल्या.

संघ गेले, त्यांचं वैर तिकडे आजही टिकून आहे. पण त्या दोन शहरांत सुमारे सहाशे किलोमीटरचं अंतर. मैदानात शत्रू भेटतो, जिन्यात भेटत नाही. न्यूयॉर्कमध्ये राहिले ते नुसते चाहते. पराभवाचं दुःख करायला संघ नाही, आणि चिडवायला समोरचाही नाही. मला या इतिहासातली ही सर्वांत बोचरी गोष्ट वाटते. आपला संघ गेल्याचं दुःख कुणालाही समजेल, पण आपला प्रतिस्पर्धी गेला तरी आपलं काहीतरी हरवतं, हे तो गेल्यावरच कळतं. थट्टेला शेजार लागतो. उद्या पुन्हा तोंड दाखवायचं असतं, म्हणून ती मर्यादेत राहते, आणि परवा तोच आपल्याला चिडवणार असतो, म्हणून ती बरोबरीची राहते.

1962 मध्ये न्यूयॉर्कला नवा संघ मिळाला, मेट्स. पहिली दोन वर्षं तो जायंट्सच्या रिकाम्या पोलो ग्राउंड्सवरच खेळला. व्यवस्थापक कोण? तेच केसी स्टेंगल, आता सत्तरी ओलांडलेले. पहिल्याच हंगामात मेट्स 120 सामने हरले. तो नकोसा विक्रम मोडायला 2024 साल उजाडावं लागलं. तरी लोक आले, चादरींवर विनोद रंगवून आले आणि आपल्याच संघाची थट्टा करत टाळ्या वाजवू लागले. त्यांत जुने डॉजर्सवाले होते आणि जुने जायंट्सवालेही, एकाच बाकावर. मेट्सच्या टोपीचा निळा रंग डॉजर्सकडून घेतलेला आणि त्यावरची नारिंगी अक्षरं जायंट्सची. जन्मभर एकमेकांना चिडवलेल्या दोन गल्ल्यांचे रंग आजही त्या एका टोपीवर नांदत आहेत.