पाकिटाची बाहेरची बाजू

पत्राला दोन अंगे असतात. एक आतले, ज्यावर क्षेमकुशल, भांडणे, लग्नाची बोलणी आणि उधारीच्या मागण्या लिहिलेल्या असतात. आणि दुसरे बाहेरचे, ज्यावर नाव, गाव आणि टपाल कचेरीचा शिक्का असतो. आतले अंग ज्याचे त्याचे. बाहेरचे मात्र पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत सर्वांना दिसते. ‘अमक्याच्या घरी दर आठवड्याला सुरतेहून पाकीट येते,’ एवढे कळले की गावाला आतला मजकूर वाचण्याची गरज उरत नाही; गाव तो आपल्या कल्पनेने लिहून काढते.

या दोन अंगांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे, आणि तो केवळ टपालाचा नव्हे, तर राज्यसत्ता आणि प्रजा यांच्यातील एका जुन्या रस्सीखेचीचा इतिहास आहे. माझे आयुष्य नंदुरबार-शहादा भागात वकिली करण्यात गेले. तिथे गेल्या काही वर्षांत पोलिसांचा एक नवाच वर्ग माझ्या पाहण्यात आला. त्याच्या हातात काठी नसते. तो संगणकासमोर बसतो, टेलिफोन कंपन्यांना पत्रे धाडतो आणि आलेल्या आकड्यांचे रकाने तपासतो. लोक त्याला ‘सीडीआर काढणारे साहेब’ म्हणतात. हा साहेब एकाएकी कुठून उगवला नाही. त्याची वंशावळ बरीच मागे जाते.

जुन्या काळी जासूद आणि हरकारे होते. शत्रूचा हरकारा पकडला की त्याच्याजवळची थैली फोडायची, यात कोणाला अधर्म वाटत नसे. पण 1854 मध्ये अर्ध्या आण्याच्या तिकिटावर हिंदुस्थानभर पत्र जाऊ लागले, तेव्हा सामान्य माणूस प्रथमच आपले गुपित सरकारच्या हाती सोपवू लागला. थैली आता शत्रूची नव्हती, प्रजेची होती, आणि वाहणारा हरकारा सरकारचाच नोकर होता. मग ती फोडायची की नाही?

हा प्रश्न विलायतेत त्याआधी दहा वर्षे गाजला होता. इटलीचा देशभक्त मॅझिनी लंडनमध्ये आश्रयाला होता. आपली पत्रे कोणी उघडते असा त्याला संशय आला. त्याने पाकिटात खसखशीचे दाणे आणि वाळूचे कण घातले; पाकीट पोहोचले तेव्हा दाणे गायब! 1844 मध्ये हे प्रकरण पार्लमेंटात आले, गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांची पुरती शोभा झाली, आणि पत्रे फोडणारी टपाल खात्यातली गुप्त शाखा बंद करावी लागली. ह्याच मॅझिनीचे चरित्र सावरकरांनी लंडनमध्ये बसून मराठीत आणले, 1907 मध्ये ते छापले गेले आणि सरकारने ते जप्त केले. सावरकर राहत होते त्या इंडिया हाउसवरही लंडनच्या पोलिसांची पाळत होती! खसखशीचा धडा विलायतेने स्वतःपुरता घेतला. हिंदी तरुणांसाठी नव्हे.

हिंदुस्थानात सरकारने लपवाछपवी केली नाही, सरळ कायदाच केला. 1885 च्या तार कायद्याचे पाचवे कलम आणि 1898 च्या टपाल कायद्याचे सव्विसावे कलम यांनी सार्वजनिक सुरक्षेच्या नावाखाली तार आणि पत्र अडवण्याचा अधिकार सरकारला दिला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या आपल्या शिपायांची पत्रे सेन्सॉरने वाचली आणि त्यांचे उतारे काढून ठेवले. आज त्या खेडवळ शिपायांचे मन जाणायला इतिहासकारांना तेच उतारे उपयोगी पडतात. चोराने केलेली नोंद पुढे ठेवा ठरावी, तसेच हे!

मात्र एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. गुन्ह्याच्या तपासात टपालातले पाकीट हवे असेल, तर ते मागण्याचा अधिकार फौजदाराला नव्हता. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या 92 व्या कलमानुसार तो हुकूम जिल्हा दंडाधिकारी किंवा न्यायालयच देऊ शके. पोलीस अधीक्षकाला फार तर पाकीट रोखून धरता येई. टपाल कचेरी आणि पोलीस ठाणे यांच्यामध्ये कायद्याने एक तिसरा माणूस उभा केला होता. वाचकांनी हा तिसरा माणूस लक्षात ठेवावा. पुढची सारी कथा त्याचीच आहे.

टेलिफोनच्या बाबतीत हा तिसरा माणूस फार उशिरा आला. 1991 मध्ये राजकीय पुढाऱ्यांचे फोन ऐकले जात असल्याची बातमी फुटली, लोकस्वातंत्र्याची कैवारी संघटना पीयूसीएल सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि 18 डिसेंबर 1996 रोजी न्यायालयाने सांगितले की टेलिफोनवरचे बोलणे हा माणसाच्या खाजगी जीवनाचा भाग आहे. हुकूम गृहसचिवानेच द्यावा, त्याला मुदत असावी, आणि त्याची छाननी करणारी समिती असावी. 2007 मध्ये याचे पक्के नियम झाले: साठ दिवसांची परवानगी, वाढवली तरी एकशे ऐंशी दिवसांपलीकडे नाही. 2023 च्या दूरसंचार कायद्यानंतर डिसेंबर 2024 मध्ये नवे नियम आले, तेही याच पायावर. त्यात दुर्गम प्रदेशासाठी एक सवलत आहे. गृहसचिवांचा हुकूम वेळेत मिळणे शक्य नसेल, तर वरिष्ठ पोलीस अधिकारी तातडीने परवानगी देऊ शकतो; पण सात कामकाजाच्या दिवसांत वरून शिक्कामोर्तब झाले नाही, तर ऐकणे थांबलेच पाहिजे.

ही झाली आतल्या अंगाची गोष्ट. बाहेरच्या अंगाचे नाव सीडीआर. कोणत्या क्रमांकावरून कोणाला, कधी, किती वेळ फोन झाला, फोनचे यंत्र कोणते, आणि तो कोणत्या टॉवरच्या छायेत होता, एवढेच त्यात असते. बोलण्याचा एक शब्दही नाही. कंपन्यांनी हा हिशेब पूर्वी एक वर्ष जपायचा असे. डिसेंबर 2021 पासून दोन वर्षे. तो मागण्यासाठी गृहसचिवांकडे जावे लागत नाही; जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या सहीने मागणी जाते आणि कंपनीचा नोडल अधिकारी ती पुरी करतो.

नंदुरबारसारख्या जिल्ह्यात या हिशेबाचे मोल निराळेच. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला मध्य प्रदेश, मधून तापी आणि वर सातपुडा. ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत गेलेला माणूस हरवला, एखादी पोर फूस लावून नेली, की हातात धागा उरतो तो फोनचाच. पण त्या धाग्याला गाठीही फार. शहरात टॉवर दाटीने असतात, म्हणून गल्लीपर्यंत अंदाज बांधता येतो. धडगावच्या डोंगरात एकेका टॉवरची छाया कित्येक पाड्यांवर पडते. आणि सीमेवरच्या पाड्यातला फोन कधी शेजारच्या राज्याचा टॉवर धरतो. कागदावर माणूस गुजरातेत दिसतो, आणि असतो आपल्याच ओसरीत! म्हणून या कामातला जाणता पोलीस आधी नकाशा पाहतो, मग आकडे, आणि शेवटी स्वतः जाऊन खात्री करतो. नवखा मात्र टॉवरलाच साक्षीदार समजतो. न्यायालयात उलटतपासणी घेताना हा फरक मी अनेकदा अनुभवला आहे.

‘बाहेरच्या अंगात काय आहे एवढे?’ असे कोणी विचारील. वर सांगितलेली शेजारीण आठवा. मध्यरात्री दवाखान्याला, पहाटे माहेरी आणि सकाळी वकिलाला झालेला फोन, या तीन ओळींत एक अख्खा संसार उघडा पडतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ठरवले की टॉवरच्या अशा जुन्या नोंदी मिळवायलाही साधारणतः न्यायालयाचे वॉरंट हवे. आपल्याकडे त्याच साली ठाणे पोलिसांनी सीडीआर बेकायदा मिळवून विकणाऱ्यांना पकडले. त्यांत खाजगी गुप्तहेर होते. ज्या मालाला बाजार आहे, तो माल किरकोळ कसा म्हणावा?

आणि इथे आमच्या जिल्ह्याचे नाव इतिहासात शिरते. शहादे तालुक्यातील टेंभली या आदिवासी गावात 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. पंतप्रधान स्वतः आले होते. त्याच आधार योजनेला आव्हान देणारा पुट्टस्वामी खटला पुढे नऊ न्यायाधीशांसमोर गेला, आणि 24 ऑगस्ट 2017 रोजी त्यांनी एकमुखाने सांगितले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. टेंभलीच्या मातीतून निघालेला क्रमांक दिल्लीत जाऊन साऱ्या देशाचा हक्क घेऊन आला, असे म्हटले तर ती केवळ गावाभिमानाची बढाई ठरू नये. पाठोपाठ 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विनीत कुमार खटल्यात, कायद्याची कारणे नसताना फोन ऐकण्याचे तीन हुकूम रद्द केले आणि त्यांतून मिळालेले बोलणे नष्ट करण्यास सांगितले.

याचा अर्थ पोलिसांचे हात बांधावेत असा नव्हे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबई जळत असताना हल्लेखोरांचे सीमेपलीकडच्या सूत्रधारांशी चाललेले बोलणे पोलिसांनी पकडले. तो पुरावा पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला.  आणि पुरावा टिकायचा तर कागद चोख हवा. जालन्याच्या एका निवडणूक वादातून निघालेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला, की मूळ यंत्रच हजर केले नाही तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. शिवाय तपास चालू असताना संबंधित सीडीआर कंपन्यांनी वेगळे व सुरक्षित ठेवावेत. एका प्रमाणपत्राअभावी खरा गुन्हेगारही सुटू शकतो. म्हणजे नियम पाळणे हे आरोपीवरचे उपकार नसून फिर्यादीचीच ढाल आहे.

इंग्लंडातल्या पोलिसांत या कामासाठी खास शिक्षण घेतलेला माणूस नेमतात. तपास अधिकाऱ्याची मागणी खरोखर गरजेची आहे का, जास्त तर मागितले जात नाही ना, हे तो आधी पाहतो. म्हणजे आपल्याच खात्यात बसून ‘नाही’ म्हणायचे काम! माझ्या मते हे पद आपल्याकडे प्रत्येक जिल्ह्यात असावे आणि त्याला मान असावा. चोर पकडणाऱ्याचा सत्कार होतो. नको ती मागणी परत पाठवणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही. पण हरवलेली पोर घरी आणणारा आणि दुसऱ्या कोणा पोरीचा फोन उगाच न चाळणारा, हे दोघे एकाच खुर्चीत बसलेले असले, तरच प्रजेने आपली गुपिते हरकाऱ्याच्या हाती निर्धास्तपणे द्यावीत.

दिवाळीच्या या चार दिवसांत घराघरांतून शुभेच्छांचे फोन होतील. बोलणे आपले असेल; नोंद मात्र कुठेतरी दोन वर्षे पडून राहील. त्या नोंदीच्या दाराशी तो तिसरा माणूस जागा आहे ना, एवढे अधूनमधून पाहत जाणे हे आपले काम.