भाडं कोण भरत होतं?

सध्या शनिवार-रविवारी मी 'द हिल्स' नावाची जुनी अमेरिकन मालिका पुन्हा बघतेय. 'जुनी' म्हणताना जरा कसंतरीच होतं, पण एमटीव्हीवर ती सुरू झाली ३१ मे २००६ ला. त्या वर्षी जन्मलेली पोरं आता कॉलेजात आहेत. असो.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लॉरेन कॉनरॅड ही वीस वर्षांची मुलगी कॅलिफोर्नियातल्या लगूना बीच या समुद्रकाठच्या श्रीमंत गावातून लॉस एंजेलिसला येते. हायडी मॉन्टॅग या मैत्रिणीबरोबर अपार्टमेंट घेते, फॅशनच्या कॉलेजात नाव घालते आणि 'टीन व्होग' मासिकात इंटर्न म्हणून चिकटते. तिथे व्हिटनी पोर्ट भेटते, राहत्या ठिकाणी ऑड्रिना पॅट्रिज भेटते. मग नोकऱ्या, बॉयफ्रेंड, पार्ट्या, गैरसमज, रडारड. सहा सीझन. यात कुणी अभिनय करत नाही, हे सगळं खरं आयुष्य आहे, असा मालिकेचा दावा.

आणि बघताना मला सारखा एकच प्रश्न पडतो. यांचं भाडं कोण भरतंय?

नव्या शहरात पहिली नोकरी धरलेल्या कुणालाही हा प्रश्न पडेल. डिपॉझिट किती, ब्रोकरला किती, मेसचे किती, घरी पाठवायचे किती... पहिलं वर्ष म्हणजे मुख्यतः हाच हिशोब असतो. आणि इथे विशीतल्या मुली शहरात येऊन आपल्या पायावर उभ्या राहतायत, पण पगार, भाडं, कर्ज हे शब्द जवळजवळ कुणाच्या तोंडी येतच नाहीत! 'बापाचा पैसा, दुसरं काय' हे सोपं उत्तर झालं. ते थोडंफार खरंही आहे. पण पूर्ण उत्तर त्याहून मजेशीर आहे, आणि त्यासाठी जरा मागे जावं लागतं.

१९७३ साली अमेरिकेच्या पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर 'ॲन अमेरिकन फॅमिली' नावाची बारा भागांची मालिका दाखवली गेली. सांता बार्बराच्या लाउड कुटुंबाच्या घरात १९७१ मध्ये काही महिने कॅमेरा होता, सुमारे ३०० तासांचं चित्रण झालं. घर चांगलं खातंपितं, पाच मुलं, स्विमिंग पूल वगैरे. चित्रण चालू असतानाच पॅट लाउडनं नवऱ्याला घर सोडायला सांगितलं. मालिका गाजली, आणि त्याच वेळी लोकांनी त्या कुटुंबाला अक्षरशः फाडून खाल्लं. दुसऱ्याच्या घरात डोकावायला माणसं तासन् तास बसतात, हे टीव्हीवाल्यांना तेव्हा कळलं.

पुढचा टप्पा १९९२. एमटीव्हीला तरुणांसाठी एक सोप ऑपेरा करायचा होता. म्हणजे साधी, लिहिलेली, नटनट्यांची मालिका. पण लेखक, नट, कपडेपट यांचा खर्च बघून वाहिनीचे डोळे पांढरे झाले. तेव्हा मेरी-एलिस बुनिम आणि जोनाथन मरे या जोडीनं तोडगा काढला: लेखक नकोत, नटही नकोत, सात अनोळखी तरुणांना न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या घरात ठेवा आणि काय होतं ते टिपा. ही 'द रिअल वर्ल्ड'. बुनिमबाई मूळच्या सोप ऑपेरा करणाऱ्या, त्यामुळे एवढ्या चित्रणातून गोष्ट कशी विणायची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. घर कार्यक्रमवाल्यांनी दिलंय हे प्रेक्षकाला माहीत होतं. ती मुलं कॅमेऱ्याकडे बघून बोलायची. आपलं चित्रण चालू आहे, हा त्या गोष्टीचाच भाग होता. भाड्याचा प्रश्नच मिटला.

मग २००३. ऑगस्टमध्ये फॉक्सवर 'द ओ. सी.' ही ऑरेंज काउंटीतल्या श्रीमंत पोरांची लिहिलेली मालिका आली आणि तुफान चालली. डिसेंबरात त्याच वाहिनीवर पॅरिस हिल्टन आणि निकोल रिची 'द सिंपल लाइफ'मध्ये शेतावर राहायला गेल्या. श्रीमंत मुली बघायला लोकांना आवडतं हे सिद्ध झालं. एमटीव्हीनं दोन्ही सूत्रं जोडली. २८ सप्टेंबर २००४ ला 'लगूना बीच' सुरू झाली, आणि तिचं उपशीर्षक काय, तर 'द रिअल ऑरेंज काउंटी'. म्हणजे तिकडची खोटी, आमची खरी! लॉरेन त्यातलीच. ती शहरात आली तेव्हा कॅमेरा तिच्या मागोमाग आला, आणि 'द हिल्स' झाली.

या दोन मालिकांनी एक मोठा बदल केला. कॅमेऱ्याकडे बघून बोलणं बंद. हलता, खांद्यावरचा कॅमेरा बंद. त्याऐवजी सिनेमासारखी रुंद चौकट, लांबून घेतलेले स्थिर शॉट, संध्याकाळचा सोनेरी प्रकाश, योग्य जागी गाणं. भागाच्या सुरुवातीला लॉरेनच्या आवाजात आधीची हकिगत. आणि संवादांपेक्षा जास्त शांतता. कुणीतरी काहीतरी लागट बोलतं, समोरची नुसती बघते, पाच सेकंद कुणी हलत नाही. खऱ्या माणसांना संवाद देता येत नाहीत, पण त्यांच्या गप्प राहण्याला संगीत लावता येतं. निर्माता ॲडम डिव्हेलोचा हा हातखंडा होता. फार देखणं दिसतं ते, आजही.

पण या देखणेपणाची एक अट होती. कॅमेरा तिथे नाहीच, असं सगळ्यांनी वागायचं. आता इंजिनीअरच्या डोक्यानं बघा. कॅमेरा नाही म्हटलं की कार्यक्रम नाही. कार्यक्रम नाही म्हटलं की कार्यक्रमाचं मानधनही नाही. आणि मानधन तर या मुलींना मिळत होतं! तीच त्यांची खरी नोकरी होती. 'टीन व्होग'मधली इंटर्नशिप हा त्या नोकरीतला सेट. साहजिकच पगाराचा विषय काढायची सोयच उरली नाही. कुणी एकदा जरी विचारलं असतं, 'अगं, हे तुला परवडतं कसं?' तर उत्तरात अख्खी मालिका उघडी पडली असती.

तीच गत प्रसिद्धीची. दोनेक वर्षांत या मुलींचे फोटो मासिकांच्या मुखपृष्ठांवर होते, फोटोग्राफर त्यांच्या गाड्यांमागे धावत होते. मालिकेत मात्र लॉरेन अजून कपड्यांच्या पिशव्या उचलणारी इंटर्नच!

गंमत म्हणजे याच्या कितीतरी आधी, १९७० ते १९७७, 'द मेरी टायलर मूर शो' नावाची एक साधी विनोदी मालिका होऊन गेली. मिनियापोलिसला एकटी राहायला आलेली, टीव्हीच्या बातम्या विभागात काम करणारी मेरी. तिच्या जागी आधी काम करणाऱ्या पुरुषाला तिच्यापेक्षा जास्त पगार होता हे तिला कळतं, तेव्हा ती साहेबाकडे जाऊन जाब विचारते. सगळं लिहिलेलं, सगळं खोटं. पण पगाराविषयी बोललं गेलं ते त्या खोट्या मालिकेत.

आता 'टीन व्होग'चंच बघू. पहिल्या सीझनच्या शेवटी लॉरेनला उन्हाळ्यात पॅरिसला जायची संधी येते, आणि ती बॉयफ्रेंडबरोबर समुद्रकाठच्या घरात राहायचं म्हणून नाही सांगते. तिची वरिष्ठ लिसा लव्ह पुढे तिला ऐकवते की पॅरिसला न गेलेली मुलगी म्हणूनच तू लक्षात राहशील. अमेरिकेत या प्रसंगावर प्रचंड चर्चा झाली. करिअर की प्रेम वगैरे. पण २००८ मध्ये पॅरिसची संधी पुन्हा आली आणि या वेळी बाई गेल्यासुद्धा. नाकारलेलं ऑनसाइट असं परत चालून आलेलं तुमच्या ऑफिसात कुणी पाहिलंय का? :-)

कॅमेरा नसलेल्या इंटर्नांची गोष्ट वेगळी होती. 'टीन व्होग' काढणारी कंपनी म्हणजे काँडे नास्ट. २०१३ मध्ये तिच्याच दुसऱ्या दोन मासिकांत काम केलेल्या दोन माजी इंटर्नांनी कंपनीवर खटला भरला. तासाला एक डॉलरपेक्षाही कमी पडत होतं, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेतलं केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर होतं. कंपनीनं त्याच वर्षी इंटर्नशिपच बंद करून टाकली, आणि २०१४ मध्ये सुमारे ७,५०० माजी इंटर्नांसाठी ५८ लाख डॉलर्सची तडजोड केली. हिशोब करा, सरासरी माणशी आठशे डॉलरच्याही आत. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये अशी इंटर्नशिप करायची तर भाडं दुसऱ्या कुणीतरी भरणं भागच होतं. ज्यांच्या घरी ते जमत होतं त्यांच्यासाठी ते दार उघडं, बाकीच्यांनी बाहेरून बघायचं. आणि टीव्हीवर ती नोकरी दिसत होती कशी, तर कष्टाळू मुलीला मिळालेलं बक्षीस.

पडद्यामागची माणसंही याच हिशोबात होती. शेकडो तासांच्या चित्रणातून गोष्ट काढणारे लोक लेखकाचंच काम करतात, पण त्यांना लेखक म्हणायचं नाही. २००६ मध्ये 'अमेरिकाज नेक्स्ट टॉप मॉडेल'च्या अशा कर्मचाऱ्यांनी संघटनेच्या मान्यतेसाठी संप केला. नोव्हेंबर २००७ ते फेब्रुवारी २००८ असा हॉलिवूडच्या लेखकांचा १०० दिवसांचा संप झाला. त्यात रिॲलिटीवाल्यांना संघटनेखाली घ्यायची मागणी होती, आणि वाटाघाटीत ती सोडून देण्यात आली. १९९२ ला ज्या कारणासाठी हा प्रकार जन्मला, म्हणजे लेखकाचे पैसे वाचवणं, ते कारण शेवटपर्यंत टिकलं.

या सगळ्यात खरं काहीच नव्हतं का? होतं ना. लॉरेन आणि हायडीची मैत्री स्पेन्सर प्रॅट या हायडीच्या बॉयफ्रेंडवरून तुटली ती खरोखर तुटली. शहरात बरोबर आलेली मैत्रीण दोन वर्षांत परकी होणं, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना ते प्रसंग आजही टोचतील.

लॉरेन २००९ मध्ये मालिका सोडून गेली आणि त्याच वर्षी तिची 'एल. ए. कँडी' ही कादंबरी आली. विषय? लॉस एंजेलिसला येऊन रिॲलिटी मालिकेची तारका झालेली मुलगी. 'खऱ्या' मालिकेत जे बोलता आलं नाही, ते तिला कल्पित म्हणून लिहावं लागलं. हायडी मात्र राहिली. त्याच नोव्हेंबरात, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तिनं एका दिवसात दहा प्लास्टिक सर्जरी करून घेतल्या. ती कोलोरॅडोतल्या क्रेस्टेड ब्यूट या डोंगरातल्या छोट्या गावातून आलेली. बघितलं जाणं हेच काम असेल, तर माणूस त्याचं भांडवल कशात गुंतवणार? स्वतःच्या चेहऱ्यातच.

१३ जुलै २०१० च्या शेवटच्या भागात क्रिस्टिन कॅव्हलारी युरोपला निघते, ब्रॉडी जेनर गाडीकडे बघत उभा राहतो, मागे डोंगरावर हॉलिवूडची ती प्रसिद्ध पाटी. आणि अचानक तो डोंगर बाजूला सरकतो! पडदा असतो तो. कॅमेरा मागे जातो, दिवे, तंत्रज्ञ, स्टुडिओचं आवार दिसतं. चार वर्षं लपवलेला कॅमेरा शेवटच्या मिनिटाला दाखवून टाकला.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ऑक्टोबर २०१० मध्ये, इन्स्टाग्राम आलं. आता सोनेरी प्रकाश, सुंदर घर, छान कपडे दाखवायला एमटीव्हीची गरज उरली नाही, एक फोन पुरे. पैशाची लपवाछपवीही तीच. म्हणून तर अमेरिकेत २००९ च्या आणि आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या नियमांनी सांगितलं, की पैसे घेऊन बोलत असाल तर तसं स्पष्ट लिहा. एका ओळीत का होईना, भाड्याची पावती दाखवा.

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स वणव्यात हायडी आणि स्पेन्सरचं घर जळालं. दोघांनी फोनसमोर उभं राहून लोकांना सांगितलं, हायडीचा २०१० चा अल्बम ऐका, तेवढीच मदत होईल. लोकांनी ऐकला. पंधरा वर्षं कुणी न विचारलेला तो अल्बम आयट्यून्सच्या यादीत पहिला आला. मालिकेत एकदाही न निघालेला विषय, डोक्यावरच्या छपराचे पैसे कुठून येतात, तो या बाईनं शेवटी उघड बोलून दाखवला.

तर भाडं कोण भरत होतं? बघणारे. आपण बघत होतो म्हणून जाहिरातदार एमटीव्हीला पैसे देत होते, आणि त्यातून त्या अपार्टमेंटचा, त्या गाड्यांचा खर्च निघत होता. आणि मग आपल्याच दहा बाय दहाच्या खोलीत मेसचा डबा उघडून, आपलं विशीतलं आयुष्य असं का दिसत नाही म्हणून आपण खट्टू होत होतो. दिसणार कसं? आपल्या खोलीचं भाडं आपल्यालाच भरायचं होतं, आणि त्यांचंही.