सुराध्यक्षाचा अध्याय

मद्यपान हे अलीकडच्या काळाचे फळ असून आपले पूर्वज त्यापासून सर्वस्वी अलिप्त होते, असा एक गोड समज आपल्या समाजात रूढ आहे. इतिहासाचा दाखला मात्र निराळा आहे. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी १९०९ साली छापून प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रात 'सुराध्यक्ष' या अधिकाऱ्यासंबंधी एक स्वतंत्र अध्यायच आहे. परंपरा या ग्रंथाचा कर्ता चंद्रगुप्त मौर्याचा मंत्री मानते. अनेक विद्वान त्याचे आजचे स्वरूप त्यानंतरच्या शतकांतील समजतात.

तांदळाचे मेदक, पिठाची प्रसन्ना, कवठाचे आसव, द्राक्षांचे मधु असे मद्याचे नाना प्रकार त्यात सांगितले आहेत. पानगृहात निरनिराळी दालने, आसने, शय्या, सुगंध व फुलांच्या माळा असाव्यात, असेही म्हटले आहे. परंतु या थाटामागे राजसत्तेचा कडक पहारा होता. नेमून दिलेल्या जागेखेरीज अन्यत्र विक्री केल्यास ६०० पण दंड होई. मद्य गावाबाहेर नेण्यास बंदी होती. ज्याचे आचरण शुद्ध म्हणून ठाऊक असेल, त्यासच ते अल्प प्रमाणात घरी नेता येई. धुंद होऊन निजलेल्या गिऱ्हाइकाचा दागिना हरवला, तर विक्रेत्याने तो भरून द्यावा व तितकाच दंडही सोसावा, असा नियम होता. गृहस्थांस समारंभाकरिता श्वेतसुरा व औषधाकरिता अरिष्ट करण्याची मुभा होती. उत्सव व यात्रांच्या वेळी चार दिवसांची सवलत मिळे.

या निर्बंधांची कारणेही ग्रंथकाराने दिली आहेत : कामकऱ्यांच्या हातून कामात हयगय होऊ नये, आर्यांनी मर्यादा ओलांडू नये आणि तापट माणसांनी भलते साहस करू नये.

येथवर वाचून त्या व्यवस्थेविषयी आदर वाटतो. पण त्याच अध्यायात आणखी एक वाक्य आहे. बिघडलेले मद्य दास व मजूर यांस वेतनादाखल द्यावे, अथवा वाहनाच्या जनावरांस वा डुकरांस पाजावे, असा त्याचा आशय! कामकऱ्यांच्या हयगयीची चिंता वाहणाऱ्या शास्त्रानेच त्यांच्या पदरी नासके मद्य टाकले. असे वेतन घेऊन घरी परतणाऱ्याच्या चुलीवर त्या रात्री काय शिजले असेल, हे ग्रंथात लिहिलेले नाही. ते सुज्ञांनी ताडावे.

मद्याने राजाचा कोश भरतो, परंतु त्याची किंमत अखेर दुबळ्याच्या घरातून वसूल होते, हाच या प्रकरणाचा बोध आम्हांस वाटतो. आपल्या ज्ञातीतील कर्त्या मंडळींनी घरी राबणाऱ्या गड्यास सणासुदीची बक्षिसी देताना व मंगलकार्याचा बेत आखताना तो ध्यानी ठेवावा, इतकीच आमची विनंती.