पाणी गेले कुठे? शिकागोच्या अभ्यासाची प्रस्तावना

शिकागोचा अभ्यास करायला निघालेला वाचक बहुधा मान वर करूनच निघतो. १८८५ सालच्या होम इन्शुरन्स इमारतीपासून तो सुरुवात करतो आणि पूर्वी सीअर्स टॉवर म्हणवणाऱ्या एकशे दहा मजली टॉवरपाशी येऊन थांबतो. या टॉवरची रचना ढाक्यात शिकलेल्या फजलुर खान या अभियंत्याने केली, हे कळल्यावर आपल्याला जरा जास्तच आनंद होतो. हे सारे जाणून घेण्याजोगे आहे. तरी माझा आग्रह असा की सुरुवात खाली बघून करावी. हे शहर दलदलीवर वसले आहे. पिण्याचे पाणी आणायचे कुठून आणि घाण पाणी घालवायचे कुठे, हा प्रश्न त्याला जन्मापासून चिकटलेला आहे. त्याचा माग काढत गेलो की राजकारण, विद्या, वंशभेद असे सगळे धागे आपोआप हाताला लागतात.

नावापासूनच पाहा. मायामी-इलिनॉय भाषेतला ‘शिकाक्वा’ हा शब्द नदीकाठी उगवणाऱ्या उग्र वासाच्या रानलसणीचा. मिशिगन सरोवराला मिळणारी शिकागो नदी आणि मिसिसिपीच्या खोऱ्याकडे वाहणारी डे प्लेन नदी यांच्यामध्ये इथे एक अगदी बुटका उंचवटा आहे. मूळ रहिवासी त्यावरून होड्या वाहून नेत. १६७३ मध्ये मार्केट आणि जोलिए हे दोन फ्रेंच प्रवासी याच वाटेने गेले. १८३३ च्या तहाने पोटावाटोमी या मूळ रहिवाशांची उरलीसुरली जमीन गेली आणि त्यांना पश्चिमेकडे हुसकावण्यात आले. १८४८ मध्ये त्या उंचवट्यातून कालवा झाला, त्याच वर्षी पहिली आगगाडी धावली आणि धान्याचा सौदाबाजारही उघडला. १८३७ मध्ये जेमतेम चार हजार वस्तीचे हे गाव १८९० पर्यंत दहा लाखांवर गेले.

एवढी माणसे चिखलात राहणार कशी? १८५४ च्या पटकीने शहराला हादरवले, आणि पुढच्याच वर्षी बोस्टनहून एलिस चेसब्रो या अभियंत्याला बोलावण्यात आले. जमीन इतकी सपाट की गटारांना उतार मिळेना. म्हणून त्याने गटारे जमिनीवरच घातली, त्यांवर भराव टाकून रस्ते उंच केले, आणि मग रस्त्यांच्या पातळीला आणण्यासाठी घरे उचलण्याचे काम निघाले. विटांच्या अवजड इमारती शेकडो स्क्रू-जॅकवर ठेवून माणसे इशाऱ्यासरशी एकदम पेच फिरवीत. ट्रेमाँट हाउस हे हॉटेल असेच उचलले गेले, आणि आतला कारभार चालूच होता. हे वाचताना मन थक्क होते. मात्र हे सारे सांडपाणी नदीत जात होते, नदी सरोवराला मिळत होती, आणि शहर पाणी पीत होते ते सरोवराचेच. १८६७ मध्ये सरोवराच्या तळाखालून दोन मैल बोगदा खणून दूरचे पाणी आणले, तरी पावसाळी दिवसांत घाण तिथवर पोचण्याचा धोका राहिलाच.

इथे नव्या अभ्यासकाला एक इशारा द्यायला हवा. १८८५ च्या अतिवृष्टीनंतर नव्वद हजार माणसे साथीने मेली, असे कितीतरी पुस्तकांत छापलेले आढळते. शहराच्या मृत्युनोंदींत अशा साथीचा मागमूस नाही. १८७१ च्या आगीचेही तसेच. ८ ऑक्टोबरच्या रात्री भडकलेल्या त्या आगीत सुमारे तीनशे माणसे गेली आणि लाखभर बेघर झाली. दोष मात्र आला कॅथरीन ओलिअरी या आयरिश गवळणीच्या गाईवर. गाईने कंदील लाथाडला ही कथा आपण रचल्याचे एका बातमीदाराने पुढे कबूल केले. नगरपरिषदेने त्या बाईला दोषमुक्त ठरवले ते १९९७ मध्ये. गरीब, परदेशी आणि त्यातही बाई! दोष चिकटवायला शहराला ती किती सोयीची होती, हे मनात ठेवूनच जुनी वर्तमानपत्रे उघडावीत.

१८९३ मध्ये शहरात भरलेल्या जागतिक प्रदर्शनात हीच पाण्याची भीती पुन्हा दिसते. विषमज्वराच्या धास्तीने विस्कॉन्सिनमधल्या झऱ्याचे पाणी नळाने आणून पेल्याला एक सेंट या दराने विकले गेले. या प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेली सर्वधर्मपरिषद आपल्याला ठाऊक असते ती स्वामी विवेकानंदांमुळे. त्याच व्यासपीठावर मुंबईहून गेलेले ब्राह्मसमाजाचे बी. बी. नगरकरही बोलले होते, ही गोष्ट मात्र मराठी वाचकांच्याही स्मरणातून निसटली आहे.

शेवटी शहराने नदीच उलटी फिरवली. अठ्ठावीस मैलांचा कालवा खणून २ जानेवारी १९०० रोजी, कोर्टाचा मनाईहुकूम यायच्या आत, घाईघाईने बांध फोडण्यात आला. सरोवराकडे वाहणारी नदी मिसिसिपीकडे वळली आणि शिकागोचा मैला मिझुरी राज्यातल्या सेंट लुईसच्या दिशेने निघाला. ते राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९०६ मध्ये हरले. अभियांत्रिकीच्या इतिहासात हा पराक्रम म्हणून शिकवतात, आणि पराक्रम तो आहेच. पण खालच्या अंगाला राहणाऱ्यांची बाजू वाचल्याशिवाय त्याविषयी मत बनवू नये.

शहराच्या आतही खालचे अंग होतेच. १८६५ मध्ये उघडलेल्या युनियन स्टॉकयार्ड्स या अवाढव्य गुरांच्या बाजाराभोवती कत्तलखाने उभे राहिले. त्यांचे रक्त, चरबी, आतडी नदीच्या ज्या फाट्यात जात, त्याच्या तळाशी कुजणाऱ्या गाळातून वायूचे बुडबुडे येत. लोकांनी त्याला ‘बबली क्रीक’, म्हणजे बुडबुड्यांचा ओढा, म्हटले. बाजार १९७१ मध्ये बंद झाला, नाव टिकले. काठावर राहत ते लिथुआनियन, पोलिश, आयरिश कामगार.

माझ्या मते शिकागोच्या अभ्यासाचे खरे आद्यपीठ विद्यापीठात नव्हते, हल्स्टेड रस्त्यावर होते. जेन अॅडम्स आणि एलेन गेट्स स्टार या समाजसेविकांनी १८८९ मध्ये तिथे हल हाउस हे वस्तीतले सेवाकेंद्र उघडले. कचरा उचलला जात नाही म्हणून अॅडम्सबाई १८९५ मध्ये आपल्या वॉर्डाच्या अधिकृत कचरा-निरीक्षक झाल्या आणि पहाटे उठून गाड्यांच्या मागे जाऊ लागल्या. त्याच वर्षी तिथल्या रहिवाशांनी घरोघर फिरून केलेले नकाशे प्रसिद्ध झाले. कुठल्या घरात कुठल्या देशाची माणसे राहतात, त्यांची आठवड्याची कमाई किती, हे त्यांत रंगांनी दाखवले होते. विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट पार्क आणि अर्नेस्ट बर्जेस यांचा शहरावरचा प्रसिद्ध ग्रंथ आला तो त्यानंतर तीस वर्षांनी, १९२५ मध्ये. शहर मध्यापासून वर्तुळावर्तुळाने बाहेर वाढते असे दाखवणारा बर्जेसचा नकाशा आजही परीक्षेत विचारतात. ती वर्तुळे शिकागोत अर्धीच उमटतात. उरलेल्या अर्ध्यात सरोवर आहे. त्याहून मोठी उणीव अशी की वस्त्यांचे बदलणे त्यात झाडाझुडपांच्या वाढीसारखे, आपसूक घडणारे वाटते. कृष्णवर्णीयांना घर विकणार नाही, असे करार लोक सह्या करून लिहीत होते. ते काही निसर्गाने घडवले नव्हते.

पाण्यावरही अशी वर्णभेदाची रेघ होती. २७ जुलै १९१९ रोजी युजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा सरोवरात पोहत असताना गोऱ्यांच्या समजल्या जाणाऱ्या भागात गेला. किनाऱ्यावरून दगड आले आणि तो बुडाला. पोलिसाने आरोपीला धरायचे नाकारले. पुढच्या दंगलीत तेवीस कृष्णवर्णीय आणि पंधरा गोरे मारले गेले. तिच्या चौकशी आयोगाचा १९२२ चा अहवाल, ज्याचे बरेचसे काम चार्ल्स जॉन्सन या तरुण कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञाने केले, आणि ड्रेक व केटन यांचा १९४५ चा ‘ब्लॅक मेट्रोपोलिस’ ही दोन पुस्तके मी कुणालाही आधी वाचायला देईन. बर्जेस नंतर वाचला तरी चालेल.

वाटेत संगीत भेटेल, मिसिसिपी राज्यातून आलेल्या मडी वॉटर्स या ब्लूज गायकाची विजेची गिटार भेटेल, १९८३ मध्ये शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झालेले हॅरल्ड वॉशिंग्टन भेटतील. तिकडे जरूर वळावे.

मराठी वाचकासाठी या अभ्यासात एक मोकळी जागाही आहे. १९६५ च्या अमेरिकी स्थलांतर कायद्याने दारे उघडली आणि महाराष्ट्रातून डॉक्टर, अभियंते इथे येऊ लागले. १९६९ मध्ये शिकागोत महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. त्या पिढीने कोणत्या उपनगरात घर घेतले आणि का, भाड्याने खोली मागताना कोणती उत्तरे ऐकली, गणपती पहिल्यांदा कुठल्या पाण्यात सोडला, हे सारे शहराच्या इतिहासाचेच साहित्य आहे. पत्रे, स्मरणिका, वर्गणीच्या वह्या, घरांच्या तळघरांत पडलेली छायाचित्रे यांतून ते शोधावे लागेल. ज्यांच्याकडे असे काही असेल त्यांनी ते टाकू नये. छायाचित्राच्या पाठीवर निदान साल आणि रस्त्याचे नाव तरी आजच लिहून ठेवावे.