उन्हाळ्यातील वर्धा : दैनंदिन जीवनाच्या इतिहासाचे एक दुर्लक्षित प्रकरण

प्रस्तावना

वर्धा जिल्ह्याच्या आधुनिक इतिहासाविषयी विपुल लेखन झाले आहे. १९२१ मध्ये विनोबांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला सत्याग्रहाश्रम, १९३४ च्या अखेरीस स्थापन झालेला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ, ऑक्टोबर १९३७ ची शिक्षण परिषद आणि १४ जुलै १९४२ चा काँग्रेस कार्यकारिणीचा ठराव हे या लेखनाचे ठरलेले टप्पे होत. त्यांचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. तथापि ज्या गावात या घटना घडल्या, त्या गावातील माणसे एप्रिल, मे आणि अर्धा जून कसा काढीत होती, हा प्रश्न इतिहासकारांनी फारसा विचारलेला नाही. उन्हाळा हा विषय जणू भूगोलाच्या पुस्तकाचा आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्याचा, अशी आपली समजूत झालेली दिसते.

या समजुतीचे मूळ वसाहतकालीन नोंदींच्या मांडणीत असावे. आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेल्या १९०६ च्या वर्धा जिल्हा गॅझेटिअरसारख्या ग्रंथांत हवामान हा नद्या, खडक आणि वनस्पती यांच्या पंक्तीला बसणारा विषय असतो. शेती, मजुरी आणि बाजारभाव यांचा विचार पुढच्या प्रकरणांत येतो. त्यामुळे ऊन एका ठिकाणी राहते आणि उन्हात राबणारा माणूस दुसऱ्या ठिकाणी. शिवाय ज्यांनी नोंदी करायच्या, त्या मध्यप्रांत सरकारचे उन्हाळी ठाणे पचमढीला होते. वरिष्ठ अधिकारी डोंगरावर जात आणि कारकून, शिपाई व पक्षकार खाली मैदानात राहत. प्रस्तुत लेखात ही दोन प्रकरणे एकत्र वाचण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, वर्ध्याच्या उन्हाळ्यात थंडावा निसर्गाकडून मिळत नसे; तो कोणाच्या तरी श्रमातून निर्माण होत असे आणि ते श्रम कोणी करायचे हे जात, लिंग व मजुरी यांवरून ठरत असे.

गाव, माती आणि हवा

१८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा करण्यात आला. पुलगावजवळील कवठा येथील मुख्यालय १८६६ मध्ये पालकवाडी या लहान गावाच्या जागी हलविण्यात आले आणि तेथे आजचे वर्धा वसले. १८६७ मध्ये मुंबई-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला आणि कापसाच्या व्यापाराने या नव्या गावाला आकार दिला. म्हणजे हे नगर नदीकाठी, घाटाभोवती वाढलेले नाही. जिल्ह्याला नाव देणारी वर्धा नदी गावापासून दूर आहे आणि धाम नदीसाठीही पवनारकडे जावे लागते. कचेरी, रेल्वे आणि बाजार यांच्या सोयीने वसविलेल्या गावाला पाणी मात्र विहिरींचेच होते. या एका गोष्टीने पुढचे पुष्कळसे ठरविले.

जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसॉल्ट खडकाचा आणि त्यावरील काळ्या मातीचा आहे. या खडकात पाणी भेगांतून व झिजलेल्या थरांतून साठते. त्यामुळे उथळ विहिरी चैत्र सरता सरता तळ दाखवू लागतात. काळी माती ऊन शोषते, आटते आणि हातभर खोल भेगाळते. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाणे येथे नवलाचे नाही. रोहिणी नक्षत्रातील ‘नवतपा’ ही संज्ञा विदर्भात पंचांगाइतकीच रोजच्या बोलण्यातही आहे.

मात्र ही उष्णता कोरडी असते आणि येथील सर्व उपाय या कोरडेपणावर आधारलेले आहेत. वाळ्याच्या ताटीवर पाणी मारले की गरम वाऱ्याने त्याचे बाष्प होते आणि आत येणारा वारा थंड होतो. माठाच्या सच्छिद्र भिंतीतून पाझरणारे पाणीही याच न्यायाने आतले पाणी गार ठेवते. हवा दमट असेल तर हा उपाय फारसा चालत नाही. जपानमधील लहान नगरांतूनही उन्हाळ्यात दाराशी पाणी शिंपण्याची आणि खिडक्यांना बांबूचे पडदे लावण्याची जुनी रीत आहे. परंतु तेथील उन्हाळा सागरी व दमट असल्याने बांबूचा पडदा सावलीसाठी आणि वाऱ्याची झुळूक अडू नये यासाठी असतो, तो भिजवून खोली थंड करण्यासाठी नव्हे. ही तुलना अगदीच दुरून आणलेली नाही. निचिदात्सु फुजी हे जपानी बौद्ध भिक्षू १९३३ मध्ये वर्ध्यात गांधीजींना भेटले आणि त्यांच्या संघाचा एक भिक्षू पुढे अनेक वर्षे सेवाग्राम आश्रमात राहिला. आश्रमाच्या प्रार्थनेत त्या पंथाचा मंत्र आला तो याच संबंधातून.

दिवसाची उलटापालट

उन्हाळ्यात वर्ध्याचा दिवस दोन तुकड्यांत मोडत असे. झुंजुमुंजु होताच कामाला लागायचे, अकराच्या आत घर गाठायचे, दुपारी दारे लावून घ्यायची आणि उन्हे कलल्यावर पुन्हा बाहेर पडायचे. शाळा सकाळच्या होत. राज्यात इतरत्र शाळा जूनच्या मध्यास उघडतात आणि विदर्भात त्यानंतर, हा शासकीय कॅलेंडरमधील अपवाद याच दिनक्रमाचा वारसा होय. रात्री अंगणात पाणी शिंपून बाजा टाकल्या जात. कवेलूच्या घरातील माणसे तीन महिने खऱ्या अर्थाने अंगणात राहत. त्यामुळे वाड्या-वस्त्यांतील खासगी आणि सार्वजनिक यांमधील सीमारेषा उन्हाळ्यात वेगळीच असे. या रात्रींच्या गप्पांतून किती बातम्या, किती अफवा आणि किती राजकारण पसरले असेल, याचा विचार चळवळीच्या अभ्यासकांनी करायला हवा.

दुपारी घर गाठणे सर्वांनाच शक्य नव्हते. कापसाचा हंगाम साधारणतः दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडावर ओसरतो. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव आणि आर्वी येथील जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने या हंगामावर चालत. कारखाना थंडावला की तेथील मजुरांची, विशेषतः स्त्री मजुरांची, मिळकत थांबे. त्यांना उरे ते शेतातील धसकटे वेचण्याचे, पऱ्हाटी जळणासाठी गोळा करण्याचे किंवा रस्त्यावरच्या खडीचे काम. जंगलालगतच्या गावांत तेंदूपत्त्याची तोडणीही ऐन मे महिन्यातच होते. गुढीपाडव्याला सालदारांचे साल ठरे आणि नव्या सालाची सुरुवातच वखरवाहीच्या उन्हाने होई. सावलीत बसणे हे सुखवस्तू घराचे लक्षण होते. नदीपात्रातील टरबूज-डांगराच्या वाड्या मात्र उन्हाळ्यावरच जगत. पाणी ओसरून मोकळ्या झालेल्या वाळूत ढिवर, भोई, कहार कुटुंबे वेल लावीत आणि त्या वाळूवरच झोपडी बांधून राहत. शहरात दुपारी कापल्या जाणाऱ्या टरबुजाच्या फाकेमागे हे तीन महिन्यांचे बिऱ्हाड असे.

घरातील स्त्रियांच्या वाट्याला ऊन वेगळ्या रूपाने येई. कुरडया, सरगुंडे, शेवया, खारोड्या, पापड ही वर्षाची बेगमी कडक उन्हावाचून होत नाही. म्हणजे ज्या उन्हापासून पुरुषांना वाचवायचे, तेच ऊन स्त्रियांनी कामाला लावायचे. हा सगळा श्रम ‘वाळवण’ या एका घरगुती शब्दात झाकला जातो आणि आर्थिक इतिहासात त्याची गणना होत नाही.

कचेरीतील थंडावा हा तर निव्वळ मजुरीचा भाग होता. वीज येण्यापूर्वी मध्यप्रांतातील कचेऱ्यांत छताला टांगलेला कापडी पंखा दोरीने ओढण्यासाठी हंगामी माणसे ठेवली जात. हा माणूस खोलीबाहेर व्हरांड्यात बसे. वारा आत जाई आणि तो उन्हाच्या झळीत राही. पंखा ओढणाऱ्याला डुलकी लागली म्हणून साहेबाने मारहाण केल्याची प्रकरणे लॉर्ड कर्झन यांच्या काळात देशभर गाजली होती. न्यायदानाच्या खोलीतील हवासुद्धा अशी विकत घेतलेली होती.

पाण्याचा प्रश्न

उन्हाळ्यातील विषमतेचे खरे माप विहिरीवर लागते. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात अस्पृश्य वस्तीला ओढ्याचे, नाल्याचे किंवा झऱ्याचे पाणी कसेबसे मिळू शकत होते. वैशाखात हे सर्व आटले की गावाच्या विहिरीवाचून गती नसे आणि नेमकी तीच विहीर बंद असे. ‘वरून पाणी घालणारा’ कोणी येईपर्यंत घागर घेऊन ताटकळणे हा त्या काळच्या असंख्य स्त्रियांचा रोजचा अनुभव होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले ते २० मार्च १९२७ रोजी, उन्हाळ्याच्या तोंडाशी. तो संघर्ष समान नागरी हक्काचा होता, तहानेपुरता नव्हता, हे खरेच. तरीही ज्या तळ्यावर हा हक्क बजावला गेला त्याचे मोल चैत्र-वैशाखात किती वाढते, हे तेथे जमलेल्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती.

वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी १९२८ मध्ये लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. त्याबरोबरच आपल्या ताब्यातील विहिरीही त्यांनी खुल्या केल्या. मंदिरप्रवेशाचा उल्लेख प्रत्येक ग्रंथात येतो. विहिरींचा आला तर एखाद्या ओळीत. उन्हाळ्याच्या दृष्टीने पाहता हा क्रम उलटा असावयास हवा. दर्शन वर्षात एकदा घेतले तरी चालते, पाणी दिवसातून दोनदा लागते. रेल्वे स्थानकांवरही ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशी वेगळी व्यवस्था स्वातंत्र्यापर्यंत होती. गाडीतील तहानलेल्या प्रवाशाला आधी आपण कोण आहोत हे ठरवावे लागे.

सेवाग्रामचा प्रयोग

या पार्श्वभूमीवर ३० एप्रिल १९३६ या तारखेकडे पुन्हा पाहिले पाहिजे. त्या दिवशी गांधीजी मगनवाडीतून पायी शेगावला राहावयास गेले. (पुढे १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले, बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी होणारा टपालाचा घोटाळा हे त्याचे एक व्यावहारिक कारण.) खेड्यात राहण्याचा निर्णय कोणत्याही ऋतूत अमलात आणता आला असता, तो अमलात आला वर्षातील सर्वांत कठीण दिवसांत. मे महिन्यात प्रकृतीच्या कारणास्तव ते बंगळूरजवळील नंदी टेकडीवर गेले आणि जूनमध्ये पावसात परतले. काही लेखकांना हा उल्लेख अडचणीचा वाटतो. वस्तुतः तो बोलका आहे. टेकडीवर जाता येणे ही सवलत शेगावच्या इतर रहिवाशांपैकी कोणालाही नव्हती.

त्यानंतर तेथे उभ्या राहिलेल्या कुट्या हे उन्हाळ्याला दिलेले विचारपूर्वक उत्तर आहे. मातीच्या जाड भिंती, बांबू, कवेलूचे उतरते छप्पर, बाहेर आलेला ओसरीचा भाग आणि समोरासमोर ठेवलेल्या हवेच्या वाटा यांत नवीन काहीच नाही. ते विदर्भातील शेतकऱ्याच्या घराचेच ज्ञान आहे. नवीन होते ते त्याला मिळालेले मानाचे स्थान. बापूकुटीत दुपारी गेलेल्या कोणालाही आजही फरक जाणवतो. डोक्यावर ओला कपडा, पोटावर मातीची पट्टी, पहाटे चारच्या सुमारास उठणे आणि रात्री उघड्यावर झोपणे हा आश्रमाचा क्रम साधना म्हणून वर्णिला जातो. शेजारच्या गावकऱ्याला त्यात उन्हाळ्याची रीतच दिसली असणार.

अमेरिकन पत्रकार लुई फिशर जून १९४२ मध्ये आठवडाभर सेवाग्रामला राहिले. तेव्हा पारा ११० अंश फॅरनहाइटच्या आसपास होता. घामाने लिहिणे अशक्य झाल्यावर त्यांनी पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या टबात एक लाकडी खोके ठेवले, त्यावर बसून बाहेरच्या दुसऱ्या खोक्यावर टंकलेखन यंत्र ठेवले आणि वाटीने अंगावर पाणी घेत टिपणे लिहिली. आश्रमात या युक्तीची मौज झाली, असे त्यांनी नमूद केले आहे. ‘छोडो भारत’च्या उंबरठ्यावरील गांधींचे एक महत्त्वाचे चित्र आपल्याला मिळाले ते अशा रीतीने. मात्र जून महिन्यात एक टब भरण्यासाठी विहिरीतून किती बादल्या ओढाव्या लागल्या, हा प्रश्न त्या मजेदार प्रसंगाच्या वाचकाला सहसा सुचत नाही.

विनोबांनी ८ मार्च १९५१ रोजी पवनारहून पायी प्रस्थान ठेवले. ते हैदराबादजवळील शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला पोहोचले आणि १८ एप्रिल रोजी पोचमपल्लीला भूदानाचा आरंभ झाला. पहाटे अंधारात निघायचे, ऊन तापण्यापूर्वी मुक्काम गाठायचा आणि संध्याकाळी सभा घ्यायची, हे पदयात्रेचे वेळापत्रक विदर्भातील कोणत्याही बंडीवाल्याला परिचित होते.

पुढील अभ्यासासाठी साधने उपलब्ध आहेत, परंतु ती ऋतूप्रमाणे वाचली गेलेली नाहीत. नगरपालिकांच्या कागदपत्रांतील पाणपोई, टाकी आणि विहीर-सफाईचे खर्च, जिनिंग कारखान्यांच्या हजेऱ्या, जन्म-मृत्यूच्या नोंदी हे सर्व महिन्यांनुसार मांडता येते. यापेक्षाही तातडीचे काम मौखिक साधनांचे आहे. ज्या स्त्रियांनी नळ येण्यापूर्वीच्या वर्ध्यात डोक्यावरून पाणी आणले, त्यांपैकी ज्या आज हयात आहेत त्या ऐंशीच्या पुढे आहेत. कोणत्या विहिरीवर कोणाला उभे राहू देत, रांग कोणत्या प्रहरी लागे, रिकामी घागर घेऊन परतल्यावर घरात काय होई, हे त्या सांगू शकतात.