पुराणकथा व वीरकथा (नीरा–भीमा परिसर)

पुराणकथा व वीरकथा : सृष्टी, देव-असुर, तीर्थे व विधी यांच्या उत्पत्तीविषयीची, परंपरेने सत्य व पवित्र मानलेली कथा म्हणजे पुराणकथा, तर असामान्य पराक्रम, त्याग वा मरण यांमुळे स्मरणात राहिलेल्या मानवाची कथा म्हणजे वीरकथा. बॅबिलोनियातील गिलगामेश, ग्रीकांचे इलियड व भारतातील महाभारत या तिन्हींत हे दोन प्रकार एकमेकांत मिसळलेले दिसतात. देव मानवाच्या युद्धात उतरतात व मानव देवत्वाला पोहोचतात. या मिश्रणामागील सामाजिक कारणे एखाद्या लहान प्रदेशात अधिक स्पष्टपणे पाहता येतात. पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील बारामती व इंदापूर हे तालुके त्या दृष्टीने लक्षणीय आहेत. भीमा व नीरा या नद्यांच्या दरम्यानचा हा प्रदेश मुळात अवर्षणप्रवण असून इंदापूर तालुक्यातील शेळगाव व त्याच्या आसपासची गावे याच पट्ट्यात येतात. शेती करणारा स्थिर समाज आणि मेंढ्यांचे कळप घेऊन फिरणारा धनगर समाज यांचा येथे दीर्घकाळ सहवास घडला. त्यामुळे ग्रंथनिविष्ट व मौखिक अशा दोन्ही कथापरंपरा येथे शेजारी-शेजारी नांदल्या.

ग्रंथपरंपरा : नीरा व भीमा यांच्या संगमावरील नीरा नरसिंहपूर येथे नृसिंहाचे प्रसिद्ध देवस्थान आहे. तेथील वाळूची मूर्ती भक्त प्रल्हादाने स्थापन केली, अशी परंपरागत श्रद्धा आहे. सर्व भारतात परिचित असलेली प्रल्हादकथा अशा रीतीने एका विशिष्ट घाटाशी व मूर्तीशी जोडली जाते. दूरची कथा आपल्या गावच्या भूगोलात आणून बसविणे, हे स्थलमाहात्म्याचे मुख्य कार्य होय. बारामती येथे बाबूजी नाईक यांच्या आश्रयास असलेले पंडितकवी मोरोपंत (१७२९–९४) यांनी आर्याभारत व अनेक रामायणे रचून हीच महाकाव्ये विदग्ध मराठीत आणली. श्रीधरांचे हरिविजय (१७०२), रामविजय (१७०३) व पांडवप्रताप (१७१२) हे ओवीबद्ध ग्रंथ त्याहून सोपे असल्याने खेडोपाडी श्रवणपठनात रूढ झाले. अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यांपर्यंतही राम व पांडव पोहोचले, ते अशा सामूहिक वाचनाच्या व कीर्तन-पुराणांच्या द्वारे.

मौखिक दैवतकथा : या ग्रंथांत ज्यांना फारसे स्थान मिळाले नाही, त्या बिरोबा, धुळोबा, म्हस्कोबा इ. दैवतांच्या कथा धनगरी ओव्यांतून टिकल्या. ढोलाच्या साथीवर गायिलेला भाग आणि गद्य निवेदन यांची आलटून-पालटून योजना करून ही कथा सांगितली जाते. ती अनेकदा रात्रभर चालते. पावसाळ्यात कमी पावसाच्या पूर्वेकडील भागात राहावयाचे व दिवाळीनंतर कळप घेऊन पश्चिमेकडे जावयाचे, हा मेंढपाळांचा जुना क्रम होय. त्यांच्या कथांतील देवही तसाच प्रवासी आहे. पुरंदर तालुक्यातील वीर येथील म्हस्कोबा हा सोनारी (धाराशिव, पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा) येथून कमळाजी या धनगर भक्तासाठी आला, असे परंपरा सांगते. देवाच्या आगमनाच्या अशा कथेत स्थलांतराची व दोन स्थळांतील संबंधाची आठवण जपलेली असते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी मिथ अँड रिॲलिटी (१९६२) या ग्रंथात पुणे परिसरातील देवस्थाने आणि प्राचीन रहदारीचे मार्ग यांचा संबंध दाखवून या प्रश्नाकडे लक्ष वेधले.

शेजारच्या जेजुरीच्या खंडोबाची कथा दोन्ही परंपरांना सांधते. मल्हारी माहात्म्य या संस्कृत ग्रंथात मणी व मल्ल या दैत्यांचा संहार हा प्रमुख विषय असून चंपाषष्ठीचा उत्सव त्याचीच स्मृती होय. वाघ्या-मुरळींच्या जागरणात मात्र म्हाळसा व बाणाई या दोन पत्नींची कथा अधिक रंगते. म्हाळसा वाणी कुळातील, तर बाणाई धनगर कन्या; तिच्यासाठी देव तिच्या घरी मेंढ्या राखण्याची चाकरी करतो. जेजुरीच्या गडावर वर देवाचे मंदिर आणि चढणीच्या वाटेवर मध्येच बाणाईचे, अशी रचना आहे. दोन समाजांतील ओढ, तेढ व तडजोड सवतींच्या भांडणाच्या रूपाने येथे सांगितली गेली आहे. एकाच देवावर दोघांचाही हक्क मान्य करण्याचे कार्य ही कथा करते.

वीरगळ : लढाईत अथवा गोधनाचे रक्षण करताना मृत्यू आलेल्या पुरुषाच्या स्मरणार्थ उभारलेल्या कोरीव शिळेस वीरगळ म्हणतात. सामान्यतः तिच्या खालच्या चौकटीत युद्ध, मधल्या चौकटीत अप्सरांसह स्वर्गारोहण आणि वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा दाखविलेली असते. बहुतेक वीरगळांवर नाव कोरलेले नसते. त्यामुळे काही पिढ्यांनंतर व्यक्ती विस्मृत होते आणि शेंदूर लावलेला दगड देव म्हणून उरतो. मनुष्याचा देव होण्याची ही प्रक्रिया इतरत्रही आढळते. राजस्थानात गाईंच्या रक्षणार्थ प्राण वेचणारा पाबूजी हा लोकदेव झाला असून त्याची कथा भोपे चित्रपटासमोर गातात. रा. चिं. ढेरे यांनी श्रीविठ्ठल : एक महासमन्वय (१९८४) या ग्रंथात तर विठ्ठलाचे मूळ रूप गोपजनांच्या दैवतात शोधले. हे मत सर्वमान्य झाले नसले, तरी या प्रश्नावरील पुढील चर्चेचा ते पाया ठरले.

ऐतिहासिक वीर : इतिहासातील व्यक्तीभोवती कथा कशी जमते, हे मालोजी भोसले यांच्या उदाहरणावरून दिसते. शिवकालात रचलेल्या कवींद्र परमानंदाच्या शिवभारत या संस्कृत काव्यात शिवाजी महाराजांचे हे आजोबा इंदापूर येथील लढाईत कामी आल्याचे वर्णन आहे. बखरींत मात्र देवीने त्यांना दृष्टांत देऊन गुप्तधन दाखविले व त्यांच्या कुळात राजा होईल असे सांगितले, ही कथा येते. पहिल्या निवेदनात घराण्याचे क्षात्रकर्म आहे, तर दुसऱ्यात नंतर स्थापन झालेल्या राज्याला दैवी आधार दिलेला आहे. तुळशीदासाच्या सिंहगडाच्या पोवाड्यात तानाजीचे लोक घोरपडीच्या साह्याने कडा चढतात; सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत घोरपडीचा उल्लेख नाही. घोरपडीने गडावर चढल्याचा पुरावा म्हणून हा पोवाडा चालणार नाही. तथापि मावळ्यांच्या साहसाकडे समाजाने कोणत्या नजरेने पाहिले, याचा तो अस्सल पुरावा आहे. हॅरी ॲकवर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये आणि यशवंत न. केळकर यांनी १९२८ पासून पोवाड्यांचे संग्रह प्रसिद्ध केले, त्यामुळे अशी तुलना शक्य झाली. [→ पोवाडा].

परिवर्तन व अभ्यास : नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाल्यावर या कोरड्या भागात बागायत व पुढे ऊस वाढला. चराऊ राने कमी झाली आणि कळपांच्या वाटा आखडल्या. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयात इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने मंदिर गेले. पाणी बरेच ओसरले, की ते उघडे पडते. दगडी वास्तू पाण्याखालीही टिकते; मौखिक कथेचे तसे नाही. मिलमन पॅरी यांनी १९३३–३५ मध्ये युगोस्लाव्हियात केलेल्या संशोधनावरून व ॲल्बर्ट लॉर्ड यांच्या द सिंगर ऑफ टेल्स (१९६०) या ग्रंथावरून असे दिसून आले, की मौखिक गायक पाठ केलेली संहिता म्हणत नाही. ठरीव पदसमूह व प्रसंग हाताशी घेऊन तो प्रत्येक वेळी कथा नव्याने रचतो. तेव्हा गायक, श्रोते व प्रसंग यांपैकी एक जरी नाहीसा झाला, तरी कथा खुंटते.

या जाणिवेने जर्मन संशोधक ग्युंटर सोन्थायमर (१९३४–९२) यांनी धनगरांबरोबर राहून त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांवरील त्यांचा ग्रंथ १९७६ मध्ये जर्मन भाषेत व १९८९ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यांनी जमविलेल्या सामग्रीतील बिरोबा व धुळोबा यांच्या दोन प्रदीर्घ कथा ॲन फेल्डहाउस यांनी रामदास अटकर व राजाराम झगडे यांच्या साह्याने २०१४ मध्ये इंग्रजीत आणल्या. ध्वनिमुद्रणामुळे कथेचा एक पाठ सुरक्षित राहतो, परंतु तो एका गायकाचा एका रात्रीचा पाठ असतो. राजघराण्यांना बखरी लाभल्या, देवस्थानांना माहात्म्ये लाभली. ज्यांच्या वाट्याला दप्तर आले नाही, त्या समाजांनी आपल्या वाटा, नातेसंबंध व हक्क यांची नोंद कथेतच ठेवली. त्यामुळे या कथांना केवळ कल्पित म्हणून दूर सारणे आणि त्यांतील प्रत्येक घटना खरी मानणे, या दोहोंनी या समाजांच्या इतिहासाची हानीच होते.