अनवाणी गेन

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. आणि विषय ऐकून नातेवाईक हसणार, हेही ठाऊक आहे!

आमच्या घरात कॉमिक्सला थारा नव्हता. 'अमर चित्र कथा' चालायची, कारण त्यात पुराणं आणि इतिहास. बाकी सगळा वाचनाचा आळस, असं माझं मत. चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवताना हेच मानत आले. त्यामुळे नात जपानी मांगा किंवा अ‍ॅनिमे घेऊन बसली की माझं तोंड सुरू. एवढाल्या डोळ्यांची माणसं आणि काय तो आरडाओरडा! शेवटी गेल्या दिवाळीत ती म्हणाली, "आज्जी, हे एकच वाच. तुझ्याच विषयाचं आहे गं." आणि केइजी नाकाझावा यांच्या 'बेअरफूट गेन'चा पहिला भाग माझ्या पुढ्यात टाकला.

माझं इंग्रजी बेताचंच (बीए मराठी माध्यमातून), पण चित्रं होती ना मदतीला! चार दिवसांत भाग संपला. दोन रात्री नीट झोप लागली नाही.

हिरोशिमा मी वर्गात एका वाक्यात शिकवलं. ६ ऑगस्ट १९४५ला हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर अणुबॉम्ब पडला, जपान शरण आला. दोन गुणांचा प्रश्न. पुढचा धडा काढा.

त्या सकाळी नाकाझावा सहा वर्षांचे होते. शाळेच्या भिंतीच्या आडोशाला होते म्हणून वाचले. घरी वडील, बहीण आणि धाकटा भाऊ गेले. आई बचावली आणि त्याच दिवशी बाळंत झाली. ते बाळही फार जगलं नाही. गेनची गोष्ट बहुतांशी हीच. पण मला हलवलं ते बॉम्ब पडण्याआधीच्या पानांनी. गेनचे वडील उघडपणे म्हणतात की हे युद्ध चूक आहे. मग पोलीस मारतात, शेजारी देशद्रोही ठरवतात. पाठीशी उभा राहतो तो पाक नावाचा कोरियन शेजारी, ज्याला बाकीचे हिणवतात. आमच्या पाठ्यपुस्तकात 'जपान' हा जणू एकच माणूस होता... त्याने हल्ला केला, तो हरला, तो शरण आला.

नाकाझावा पुढे टोकियोत चित्रकार झाले, पण बॉम्बबद्दल बोलत नसत. १९६६ साली आई वारली. दहनानंतर अस्थी वेचायला गेले तर अस्थीच नाहीत, नुसती राख. त्या संतापातून ते या विषयाकडे वळले आणि १९७३ साली 'शोनेन जंप' या मुलांच्या साप्ताहिकात गेन सुरू झाला. मुलांच्या! वडीलधाऱ्यांच्या नव्हे.

तिथेही माझ्यासारखे लोक होतेच म्हणा. १९५५च्या सुमारास जपानमध्ये पालक-शिक्षकांनी मांगाविरुद्ध मोहीम काढली होती. ज्यांना आज मांगाचे दैवत मानतात त्या ओसामु तेझुकांनाही टीका सोसावी लागली. आणि गेन? २०१२ साली मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने शाळांच्या ग्रंथालयांत तो मुलांच्या हाती लागू नये अशी व्यवस्था करायला लावली. कारण काय, तर दृश्यं भयानक! ओरड झाल्यावर २०१३च्या ऑगस्टमध्ये हुकूम मागे घेतला. त्याआधीच, डिसेंबर २०१२मध्ये, नाकाझावा गेले होते. ही हकिकत कळली तेव्हा वाटलं, त्या मंडळावर मी असते तर मीही सही केली असती.

असो. आता एक कबुली. १९८३च्या आसपास सहावीतल्या एका मुलाच्या बाकाखाली 'इंद्रजाल कॉमिक्स' सापडलं. मी ते सगळ्या वर्गासमोर फाडलं. तो एवढंच म्हणाला, "बाई, ते भाड्याने आणलंय." मी म्हटलं, बरं झालं, अद्दल घडेल.

माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून परवा त्याचा नंबर मिळवला. फोन केला, सगळं सांगितलं, माफी मागितली. त्याला सगळं आठवत होतं. तीन आठवडे सुट्टीत दुकानदाराची पुस्तकं लावून देऊन त्याने ते पैसे फेडले होते. घरी सांगायची हिंमत नव्हती. मला बोलायला सुचेना.

मग त्यानेच विचारलं, "बाई, सध्या काय वाचताय?" गेनचा दुसरा भाग, म्हटलं. "झाला की मला द्या," म्हणाला.